अबला विदादचा पिस्तुलाचा वर्ग

महबूला, कुवेत
१४ ऑक्टोबर १९९९

प्रिय नीलावहिनी,

तुला नमस्कार, दादाला जरा जास्त वाकून नमस्कार, आणि त्याच्या गुडघ्याला माझ्यातर्फे दोन शिव्या. तू पाठवलेली भाजणी आणि मेतकूट पोचलं. उदयच्या ऑफिसातले गृहस्थ स्वतः घरी आणून देऊन गेले, चहाला थांबलेसुद्धा नाहीत. त्याच दिवशी थालीपिठं लावली. शलाका बोलते इंग्रजी, पण खाते अजून नाशिकचंच.

आम्ही मजेत आहोत. उन्हाळा उतरायला लागलाय. दुपारी अजून भाजतं, पण संध्याकाळी खिडकी उघडली तर समुद्राचा वारा येतो. उदय अजून खैरानच्या बाजूच्या साइटवर जातो. एक आठवडा तिकडे कॅम्पात, एक आठवडा घरी. घरी असला की नुसता झोपतो. नाहीतर शलाकाला आठवीपासून नाशिकला ठेवायचं, म्हणजे मलाही तिच्याबरोबर पाठवायचं, हा विषय काढतो. मी ऐकून घेते आणि भाजी परतते. लॅबमधली नोकरी मला सोडायची नाही, हे त्याला माहीत आहे आणि तुलाही.

मध्यंतरी माझी पर्स हरवली. पैसे फार नव्हते, पण बताका गेली. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते जवळ नसेल तर तुम्ही जिवंत आहात हेसुद्धा इथे कुणी मानत नाही. नवीन काढायला आधी पोलिसांत हरवल्याचं कळवावं लागतं. ते कळवलं, शिक्के घेतले, झालं.

बाकी रोजचंच. दूध, भाजी आता खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, फोन करून मागवते. संध्याकाळचं चालणं बंद केलंय. कंटाळा येतो. शलाका हल्ली माझ्याजवळच झोपते. एवढी उंच झाली, पण म्हणते ए.सी.ने थंडी वाजते.

आता एक सांगते. हसू नकोस. मी पिस्तुल चालवायचा वर्ग लावायचा विचार करतेय.

तुला मुमताज आठवत असेल, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, मुरूडची. तिचे यजमान यूसुफभाई फहाहीलला कपड्यांचं दुकान चालवतात आणि ती घरोघरी जाऊन कुवेती बायकांचे झगे शिवते. हे खूळ तिच्याच डोक्यातून निघालं. म्हणाली, "अगो, माझ्या एका बाईंच्या ओळखीत बायकांना शिकवतात. आपण दोघी जाऊ. मला एकटीला यूसुफ सोडायचा नाय, तू आहेस म्हटल्यावर सोडेल."

मी म्हटलं, अगं, आपल्याला इथे घरी पिस्तुल ठेवतादेखील येणार नाही, मग शिकून करायचं काय? त्यावर ती म्हणाली, "ठेवायला कुठं जायचंय? नुसतं बघू तरी काय असतं ते."

वर्ग निवडायलाच पंधरवडा गेला. आधी गेलो एका क्लबात. तिथे कागदावरच्या गोलावर नेम धरायचा, छऱ्याचं पिस्तुल, सहा महिने एका जागी उभं राहून. ऑलिंपिकला जायचं असेल तर उत्तम. मग सुपरमार्केटच्या फळ्यावर एक जाहिरात दिसली, स्वसंरक्षणासाठी पिस्तुल, कुणी अमेरिकन गृहस्थ. मी फोन केला. "दोन दिवसांत तुमची भीती काढून टाकतो," म्हणाला. मी विचारलं, एका वेळी किती जण असतात? वीस-पंचवीस. शिकवणारे किती? मी एकटा. हातात पिस्तुल केव्हा देता? पहिल्या पाच मिनिटांत. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. वहिनी, लॅबमध्ये नव्या आलेल्या मुलीच्या हातात मी सुईसुद्धा पहिल्या पाच मिनिटांत देत नाही.

तिसरा तो मुमताजच्या बाईंच्या ओळखीतला. फक्त बायका, त्याही सहाच, शिकवायला दोघीजणी. चार गुरुवार. पहिल्या दिवशी पिस्तुल नाही. हे ऐकूनच मला बरं वाटलं. मुख्य बाईंचं नाव विदाद. इथे शाळेत बाईंना "अबला" म्हणतात, म्हणजे आपल्या "बाई" सारखं. तेव्हा ही अबला पिस्तुल शिकवते! मी मुमताजला आपल्या भाषेतल्या अर्थाची आठवण करून दिली तर ती जिन्यातच बसून हसली.

अबलेने मला फोनवर एकच विचारलं, "तुला का शिकायचंय?" मी म्हटलं, सहज, हौस म्हणून.  ती म्हणाली, "आधी येऊन बघून जा. मग ठरव."

तर अशी हौस. दसऱ्याला आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, तू माझ्या वाटणीची दादाला दे.

शलाका हाक मारतेय, म्हणून इथेच थांबते.

तुझी
मुक्ता


महबूला
३ नोव्हेंबर १९९९

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल आलं. खुशाली नाही, हवापाणी नाही, पहिलीच ओळ, "मुक्ता, काय झालं ते सांग." मी पत्र घडी करून डब्यांच्या मागे ठेवलं आणि पोळ्या लाटल्या. मग परत काढलं.

पर्स हरवली नव्हती. माझ्याकडून घेतली.

सप्टेंबरची गोष्ट. उदय कॅम्पात होता. संध्याकाळची अजान होऊन गेली होती, मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कपडे घेऊन परतत होते. एक पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली. आतून दिशदाशा घातलेला माणूस उतरला, तोच तो इथला लांब पांढरा झगा. म्हणाला, "पोलीस. बताका." इथे साध्या कपड्यातले पोलीस असे विचारतात, त्यात काही नवल नाही. मी पर्स उघडून बताका दिली. त्याने ती बघितलीही नाही, खिशात टाकली. म्हणाला, मखफरला, म्हणजे पोलीस ठाण्यात चल, गाडीत बस. मी म्हटलं, का? तर त्याने खिशातून पिस्तुल काढलं आणि पोटाजवळ धरलं, बाहेरून कुणाला दिसणार नाही असं.

पुढे इस्त्रीवाला आरडाओरडा करत धावत आला आणि तो माणूस पर्स घेऊन पळाला. संपलं. मला ओरखडासुद्धा आला नाही. एवढंच आहे.

पोलिसांत मी पर्स हरवली असंच सांगितलं. पोलीस म्हणणारा माणूसच चोर निघाल्यावर पोलिसांसमोर तोंड उघडायचा धीर झाला नाही. शिवाय खरं सांगितलं असतं तर उदयपर्यंत गेलं असतं. त्याला काय, कारणच हवंय. दुसऱ्या दिवशी आमची दोन तिकिटं टेबलावर दिसली असती.

मला वाटलं होतं, जाईल हळूहळू. पण सप्टेंबरच्या शेवटी दवाखान्यात एक पोलीस शिपाई रक्त तपासायला आला. चांगला हसतमुख मुलगा. कमरेला पिस्तुल. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, सुई घेतली आणि माझा हात असा थरथरायला लागला की सुई ट्रेमध्ये परत ठेवावी लागली. केरळच्या सिस्टरने सांभाळून घेतलं. त्यानंतर आणखी दोनदा झालं, तेही पोलीस नसताना. वहिनी, माझ्या हाताने आजवर तान्ह्या मुलांचं रक्त काढलंय. हा हात गेला तर माझ्याकडे दुसरं काही नाही. डॉक्टरांनी अजून काही म्हटलेलं नाही, पण बघितलंय.

मी हे फक्त मुमताजला सांगितलं. वर्गाचं तिने काढलं ते म्हणूनच. म्हणाली, "डोळे मिटले की तुला तेच दिसतंय ना? मग एकदा हातात घेऊन नीट बघ. लोखंड आहे की भूत आहे ते."

आम्ही बघून आलो. फिंतासच्या पुढे, वस्ती संपते तिथे. बैठी इमारत, मागे वाळूचा मोठा बांध. दारात ताकीद लिहिलेली. आत बायका एका ओळीत उभ्या आणि मागे अबला फिरत होती. पन्नाशीची, बुटकी, जाड चष्मा. एका मुलीचं बोट चापावर जरा लवकर गेलं, तर ओरडली नाही. "खल्लास" म्हणाली, म्हणजे बस, पुरे, पिस्तुल तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवलं, आणि तिला बाहेर चहा प्यायला पाठवलं. चहा पिऊन ये, मग बोलू. तेव्हाच ठरवलं, शिकेन तर हिच्याकडे.

पहिला वर्ग उद्या आहे. आठवडाभर तयारी चाललीय. अबलेने सांगितलंय, बंद बूट, घट्ट गळ्याचे कपडे. गोळी सुटल्यावर तिची पुंगळी तापलेली उडते आणि मोकळा गळा असेल तर नेमकी आत जाते म्हणे! माझे सगळे कुडते खोल गळ्याचे. मुमताजने एका रात्रीत त्यातल्या दोनांना बंद गळे लावून दिले. बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र आत, केस घट्ट बांधायचे, नखं कापायची. कानाला आणि डोळ्याला त्यांच्याकडचं मिळेल. संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं नाही. आणि घरी रोज पाण्याची भरलेली बाटली दोन्ही हातांनी समोर धरून उभं राहायचं, मनगटं पक्की व्हायला. मी ओट्यापुढे धरते, मुमताज तिच्या घरी धरते, आणि दमलो की एकमेकींच्या दारावर थाप मारतो.

शलाका ठीक आहे. तिच्या परीक्षा जवळ आल्यात.

फराळाचं बेसन भाजून ठेवलंय. हात थरथरला तर लाडू निदान पडला तरी चालतो.

हे वाचून घाबरू नकोस. मला सांगून मोकळं वाटलं, अगदी खरं.

मुक्ता


महबूला
१९ नोव्हेंबर १९९९

प्रिय वहिनी,

दिवाळी झाली. तुझा फोन आला तेव्हा उदय शेजारी होता, म्हणून मी नुसतं "हो हो" करत राहिले. तुला कळलं असेल.

तीन वर्ग झाले. सगळं सांगते, कारण आज सांगितलं नाही तर मग सांगणार नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला ओरडायला शिकवलं! खरंच. सहाजणी भिंतीपुढे उभ्या, आणि अबला म्हणाली, "पोटातून. 'थांब' म्हणा." माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आपल्या म्हसरूळच्या मावशीकडच्या मांजराचा. मुमताजने मात्र असा दणका दिला की बाहेरचा चौकीदार आत डोकावला. मग अंतर कसं राखायचं, हात कुठे ठेवायचे, वस्तू मागितली तर एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला कसं पळायचं. अबला म्हणाली, "पिस्तुल सगळ्यात शेवटी. निम्म्या बायकांना त्याची गरज पडायच्या आत घरी पोचवायचं, हे माझं काम."

दुसऱ्या वर्गात रिकामं पिस्तुल दिलं. नेहमी भरलेलंच समजायचं, नळी कुणाकडे करायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि मागे काय आहे ते बघायचं. हे चार नियम अरबी, इंग्रजी आणि तिच्या मोडक्या हिंदीत इतक्यांदा म्हणून घेतले की शलाकाचेसुद्धा पाठ झालेत. मला वाटलं होतं हातात घेतल्यावर चक्कर येईल. पण ते नुसतं जड होतं, गार होतं, तेलाचा वास येत होता. माझ्या लॅबमधल्या जुन्या सेंट्रिफ्यूजला येतो तसा. मी उलटसुलट करून बघितलं. अबला शेजारी उभी राहून "शुवय्या, शुवय्या" म्हणत होती. हळू, हळू.

काल तिसरा वर्ग. काल पहिल्यांदा गोळी झाडली. आवाज छातीत बसतो, कानात नाही. पहिली गोळी कागद सोडून बांधात गेली. नंतरच्या कागदाला लागल्या. एक तर चांगली मधोमध. मुमताजची पुंगळी उडून माझ्या डोक्यावर पडली आणि आम्ही दोघी हसायला लागलो, तर अबलेने आम्हालाही चहा प्यायला पाठवलं.

चहानंतर ते झालं.

शेवटच्या तासाला ती निळ्या रबराचं खोटं पिस्तुल घेऊन एकेकीसमोर येते आणि खरंच झाल्यासारखं करते. आपण शिकवलेलं करायचं. माझ्या वेळी तिने मला आणि मुमताजला एकत्र उभं केलं, जणू आम्ही रस्त्यात आहोत. "बताका!" म्हणाली. तिने माझ्याबद्दल काही ऐकलं नव्हतं, इथे सगळ्यांनाच तसं विचारतात. मी पर्स फेकायला उचलली. तेवढ्यात तिने मुमताजचा दंड धरला आणि ओढलं.

आणि मी थिजले. सगळं थांबलं. पर्स हातातच. मुमताज ओढली जातेय आणि मी रबराच्या त्या निळ्या तुकड्याकडे बघत उभी. मग खालीच बसले आणि रडायला लागले. एवढ्या बायकांसमोर, वहिनी.

मागच्या पत्रात मी "एवढंच आहे" असं लिहिलं होतं. एवढंच नव्हतं. शलाका माझ्याबरोबर होती.

मी गाडीत बसत नाही म्हटल्यावर त्याने मागचं दार उघडलं आणि तिला ओढलं. तिचा एक पाय आत गेला होता. ती "आई, आई" म्हणत होती. आणि मी खांबासारखी उभी राहून त्या पिस्तुलाकडे बघत होते. मी ओरडले नाही, त्याला ढकललं नाही. मला त्या माणसाचा चेहरासुद्धा आठवत नाही. इस्त्रीवाला हातात लोखंडी इस्त्री घेऊन ओरडत आला म्हणून त्याने तिला सोडलं. तो दुकान बंद करून नमाजाला गेला असता तर? हे वाक्य मी रोज डोळे उघडल्यापासून म्हणते.

घरी आल्यावर शलाकाने विचारलं, "आर यू ओके, आई?" तिने मला विचारलं! त्यानंतर आम्ही दोघी त्यावर अवाक्षर बोललेलो नाही. ती माझ्याजवळ झोपते आणि मी तिच्याकडे पाठ करून झोपते, कारण तिने माझ्याकडे बघितलेलं मला सोसत नाही. ज्या आईने काहीच केलं नाही तिच्या कुशीत ती कशी झोपते?

अबलेने सगळ्यांना बाहेर पाठवलं. माझ्याशेजारी जमिनीवर बसली, गुडघे दुखतात तरी. मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने मला धीराचे शब्द वगैरे दिले नाहीत. म्हणाली, "नव्वद साली आमच्या घरात इराकी सैनिक शिरले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या भावाला नेलं. मी एक पाऊल टाकलं नाही. पुढच्या महिन्यात तो परत आला, देवाची कृपा. तो मला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तू हलली असतीस तर त्यांनी तुला मारलं असतं, मी त्याचीच प्रार्थना करत होतो, की ही हलू नये." मग चष्मा पुसत म्हणाली, "तुझ्या मुलीला विचारलंस का, तिने काय बघितलं? विचार. पुढच्या गुरुवारी ये. आली नाहीस तर मी घरी येईन."

मी अजून विचारलेलं नाही. तुला लिहितेय, म्हणजे विचारायची हिंमत येईल.

मुक्ता


महबूला
३ डिसेंबर १९९९

माझ्या लाडक्या वहिनी,

तुझं पत्र यायच्या आत हे पोचावं म्हणून घाईने लिहितेय. मायना बघून कळलंच असेल की आज माझं बरं चाललंय. आज इथे पाऊस पडून गेला, इथल्या मानाने चांगला, आणि मुमताजकडून रमजानच्या तयारीचा मसाला भाजल्याचा वास येतोय.

मी शलाकाला विचारलं. ठरवून नाही. मी न्हाणीघरात आवाजाचा सराव करत होते. "थांब! थांब!" ती दाराशी येऊन म्हणाली, "आई, आर यू अँग्री विथ मी?"

मी बाहेर आले. म्हटलं, "नाही गं. मी शिकतेय. त्या दिवशी मला जमलं नाही ना."

"काय जमलं नाही?"

"तुला त्याने ओढलं आणि मी काहीच केलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यावर बघते तशी. म्हणाली, "बट आई, यू डिडन्ट लेट गो."

"म्हणजे?"

"तू माझा हात सोडलाच नाहीस. तो एवढा ओढत होता, आणि तू... लाइक अ रॉक. इट वॉज हर्टिंग. मी 'आई, आई' म्हणत होते कारण माझा हात दुखत होता." मग बाही वर करून मनगट दाखवलं. आता काही नाही तिथे. पण आठवडाभर निळं होतं म्हणे, माझ्या बोटांचे चार वळ. मला दिसू नये म्हणून शाळेचा स्वेटर घालून जात होती, त्या उकाड्यात. "तुला वाईट वाटलं असतं."

वहिनी, मला हे मुळीच आठवत नाही. आजही नाही. मला पिस्तुल आठवतं, त्याच्या नळीवरचा ओरखडा आठवतो. माझा हात काय करत होता ते मला ठाऊकच नव्हतं. तो त्याचं काम करत होता.

मी तिला जवळ घेतलं. किती वेळ ते माहीत नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, नाउ अल्सो इट्स हर्टिंग," तेव्हा सोडलं.

शेवटच्या वर्गाला मी अबलेला हे सांगितलं. "शुफ्ती?" म्हणाली. बघितलंस? एवढंच. आणि लगेच निळं पिस्तुल घेऊन पुढ्यात उभी, "बताका!" तिने मुमताजला धरलं. मी पर्स दूर फेकली, मुमताजला माझ्याकडे खेचलं आणि ओरडले. पोटातून, वहिनी. चौकीदार पुन्हा डोकावला. मुमताज नंतर दंड चोळत म्हणाली, "अगो, झगे शिवायचे आहेत मला, हात उपटून देतेस काय?"

त्यानंतर खरं पिस्तुल. मी सावकाश झाडलं, नेम शांतपणे धरला, सगळ्या गोळ्या कागदावर. संपल्यावर पिस्तुल रिकामं करून, उघडून टेबलावर ठेवलं आणि साबणाने हात धुतले. अबलेने विचारलं, पुढचा वर्ग लावणार का? मुमताज लावणार आहे. मी नाही म्हटलं. मला जेवढं बघायचं होतं तेवढं बघून झालं. ती हसली, म्हणाली, चहाला मात्र येत जा.

उदय शुक्रवारी घरी आला. नाश्त्याला पोहे वाढले आणि मला आठवतं तेवढं सगळं सांगितलं, शलाकासमोरच. तो पोह्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "इतके दिवस?"

"हो."

"मला सोडून सगळ्यांना सांगितलंस. मुमताजला, वहिनीला, त्या बाईला."

"तू आम्हाला नाशिकला पाठवलं असतंस."

"पाठवलंच असतं!" आणि उठून फोनपाशी गेला. शलाका म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट गोइंग एनीव्हेअर."  तो फोन न करताच चपला घालून खाली गेला. मी खिडकीतून बघितलं. आधी त्या जागेवर जाऊन उभा राहिला, मग इस्त्रीच्या दुकानात शिरला. बराच वेळ आत होता. तो इस्त्रीवाला म्हणजे बांगलादेशी चाचा, सत्तरीला आलेला. मी त्याला नीटसं थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं, तोंड चुकवत होते.

परत आला तेव्हा उदयचे डोळे लाल होते. जिन्यात धूळ आहे म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चाचा काय सांगत होता माहीत आहे? म्हणाला, मी इस्त्री घेऊन धावलो खरा, पण मी पोचेपर्यंत तो आदमी थकला होता. भाभीने बच्ची को छोडाच नाही." मी अजून त्याला हाताचं सांगितलंच नव्हतं. मी शलाकाकडे बघितलं, ती माझ्याकडे.

दुपारी आम्ही तिघं मखफरला गेलो. अधिकारी आधी रागावला, तेव्हाच का नाही सांगितलं म्हणून. मग चहा मागवला. अशा आणखी तक्रारी आल्यात म्हणाला. मला माणूस सांगता येईना, पण शलाकाने त्याची दाढी, गाडीच्या मागच्या काचेवरचं फुटबॉल क्लबचं चिकटवलेलं चित्र, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याऐवजी तिच्याकडे वळून प्रश्न विचारायला सुरुवात केली. सापडला की फोन करू म्हणाले. अजून आलेला नाही, आणि मी त्याची वाट बघत बसलेली नाही. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी पोलिसांची गाडी मात्र उभी असते.

तिकिटांचा विषय उदयने काढलेला नाही. काल म्हणाला, मार्चनंतर साइट बदलून मागतो, घरून रोज जाता येईल अशी. मिळेल न मिळेल, पण मागणार आहे. शलाकाची आठवी इथेच.

आणि हात. तो हसतमुख शिपाई परवा पुन्हा रक्त तपासायला आला. सिस्टर पुढे झाली, मी म्हटलं, राहू दे, मी करते. कमरेला तेच. मी बघितलं, पिस्तुलाच्या कव्हराचं बटण लावलेलं आहे की नाही ते. लावलेलं होतं. शीर एकदाच शोधली. तो म्हणाला, झालं? कळलंच नाही!

शलाका कालपासून तिच्या खोलीत झोपते. मला चुकल्यासारखं झालं, पण झोप छान लागली. खूप दिवसांनी.

दादाला आता तूच सांग, सगळं. तो चिडेल, चिडू दे, मग त्याला म्हणावं बहिणीला फोन कर.

पाकीट चिकटवायचं आहे. टपालपेटी पलीकडच्या चौकात आहे. बकाल्याच्या माणसाने विचारलं, देऊ का टाकून? नको म्हटलं. शलाका बूट घालतेय. आम्ही दोघी पायी चाललोय.

तुझीच,
मुक्ता